विल्मट साहेब बाद जाहले त्याची हकीकत

श्रीखंडेराव समर्थ. शके अठराशें अकरा, विरोधीनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं विल्मट साहेब टोपीकर या राज्यांत चेंडूफळी खेळों आले, त्यांची कारकीर्द किती आणि कैसी, तें सावकाश ऐकावें.

साहेब खाशा सरकारचे पाहुणे. देहें थोर, मिशा पिंगट, फळी हातीं घेतली म्हणजे केवळ भीमच. दोन सामने खेळले, आणि दोहींत दिवसभर उभेच, कोणाच्यानें बाद होईनात. कारण काय म्हणाल, तर पंच नेमिले होते यसाजी चोपदार. बाद म्हणावयाचें तर पंचानें बोट वर करावें लागतें, आणि यसाजींची चाळीस वर्षें दरबारांत गेलेलीं. पाहुण्यास बोट दाखवून 'जा' म्हणणें त्यांच्या हातून होईना. मग फळीची कड घेऊन झेल जावो, पाय आडवा येवो, हे आपले चांदीची काठी धरून स्वस्थ! साहेब भोळे, त्यांस वाटलें आपण अजिंक्यच.

मग तिसऱ्या सामन्यास सरकारची आज्ञा जाहली कीं, आज साहेब बाद न जाहले तर तिन्ही सामने आमचा चेंडू टाकणारा रखमाजी धायगुडे यानें पुन्हा पागेंत घोड्यांस खरारा करावा, चेंडूस हात लावूं नये. रखमाजी मूळचा मोतद्दार, परंतु चेंडू म्हणजे त्याचा जीव कीं प्राण. त्यानें ऐसा चेंडू टाकिला कीं कड घेऊन मागें झेल गेला, आणि अवघे ओरडले, आणि यसाजी हूं कीं चूं करीनात.

रखमाजी काकुळतीस येऊन बोलिला, "आबा, बोट वर करा कीं हो! माझा खेळ जातो."

यसाजी बोलिले, "लेकरा, पाहुणे आहेत ते. उभ्या जन्मांत केलें नाहीं, तें आज कसें करूं?"

"राहूं द्या. तुमचें बोटच नको मला!" ऐसें म्हणून रखमाजी वीस पावलें मागें गेला, आणि तसाच धांवत आला, आणि चेंडू सोडिला तो मधली दांडी मुळासकट उपटून दहा हात दूर पडली. वाहवा रे गडी! आतां कोणाच्या बोटाचें काय काम?

साहेब दांडीकडे पाहात राहिले. मग टोपी काढून रखमाजीस पुसते जाहले, "यापूर्वींही मी बाद होतों काय?"

"होय साहेब. सात वेळां."

साहेब लाल जाहले, आणि मग पोट धरून हंसले, आणि खुद्द सरकारांनीं उठून रखमाजीच्या खांद्यावर शेला घातला.

सारांश, साहेब तीन सामने खेळले आणि पुढल्या जहाजानें विलायतेस गेले. टोपीकरांच्या कागदीं ते एकदां बाद, आमच्या राज्यीं आठ वेळां, आणि आठही वेळां रखमाजीनेंच केले. लिहिलें तें खरें जाणावें.