प्रबंधाच्या पहिल्या वाक्याचा खून

"माझी नुसती चाहूल लागली, की गुन्हेगार स्वतःहून कबुलीजबाब लिहायला बसतो," असं खासगी गुप्तहेर गरुडनेत्र मामा वकीलसाहेबांच्या दारातच म्हणाले आणि पायपुसण्याला अडखळले. सावरलं भाचीनं. ती त्यांची सहायक. पगाराच्या नावानं शंख, आणि मामांनी तिचं ऐकून घेण्याच्या नावानं त्याहून मोठा.

प्रकरण गंभीर होतं. वकीलसाहेबांच्या मुलाला सोमवारी विद्यापीठात प्रबंध द्यायचा होता, नाहीतर वर्ष बुडणार. विषय, 'पालकांचं वळण आणि विद्यार्थ्यांची चालढकल'. माहिती सगळी गोळा झालेली, पण लिहिलेली ओळ एकही नाही.

"कुणीतरी पोराची बुद्धी पळवलीय. शोधा!" वकीलसाहेब गरजले.

मामांनी भिंग काढलं. आधी आरोप मोबाइलवर, मग उशीवर (संशयास्पद मऊ होती), शेवटी शेजारच्या बासरीवाल्यावर.

"मामा, मला वाटतं..." भाची म्हणाली.

"बासरी बेसूर आहे! माझंही तेच मत."

भाचीच्या हे सवयीचंच होतं.

मग मुलाचा जबाब. वकीलसाहेब त्याच्या खुर्चीला खेटून उभे होते.

"मी रोज लिहायला बसतो, पण..."

"पण झोप येते याला."

"नाही बाबा, पहिलं वाक्य सुरू केलं की..."

"की भूक लागते! लहानपणापासून असाच. शाळेतले निबंधसुद्धा मीच पुरे केलेत."

मुलानं मान खाली घातली. भाचीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं वकीलसाहेब आणि मामा दोघांनाही दंडाला धरून खोलीबाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

"चोर सापडला. या घरात त्याचं एक वाक्य कधी पुरं झालेलं नाही. प्रबंध कुठून होणार?"

वकीलसाहेब लालबुंद झाले. "मी माझ्या मुलाला बोलायला कधी..."

"कधीच बंदी केली नाही!" मामांनी उत्साहानं वाक्य पुरं केलं.

वकीलसाहेबांचं वाक्य आजवर कुणी तोडलं नव्हतं, न्यायाधीशांनीसुद्धा नाही. चांगलंच झोंबलं त्यांना.

आत टाइप केल्याचा आवाज सुरू झाला. वकीलसाहेबांनी लगेच दाराला तोंड लावलं. "पहिलं वाक्य काय घेतलंस? मी फक्त..."

"बाबा, थांबा. माझं संपायचंय."

ते थांबले. मामांनाही बोलायची उबळ आली होती, पण भाचीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

सोमवारी प्रबंध वेळेत गेला. मामांनी हे आपलं सर्वांत अवघड यश म्हणून जाहीर केलं. प्रबंधाच्या शेवटी आभार मानले होते, त्यात मामांचं नाव नव्हतं. एकच ओळ होती: 'बाबांचे आभार, दाराबाहेर थांबल्याबद्दल.'