मौन तासाचं उद्घाटन

मुलांनो, जरा कल्पना करा. लातुरातली एक बैठकीची खोली. खाली सतरंजी. चार मुलं, चार कोरे कागद, आणि मोठी माणसं चक्क गप्प! नाही ना येत डोळ्यांसमोर? वसंतराव सरांना मात्र ते स्वच्छ दिसत होतं.

सर निवृत्त मास्तर. त्यांची नात इरा आणि ओळखीच्या दोन घरांतली मुलं शाळेत न जाता घरीच शिकत होती. सरांनी ठरवलं, दर रविवारी तिन्ही घरांनी जमायचं आणि मुलांनी मनातलं लिहायचं.

"नियम एकच," ते सुनेला, आरतीला, छाती फुगवून म्हणाले. "तासभर मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. बघ, पोरं पानंच्या पानं भरतील!"

आरती पडली लातूरची. इथे पोर रांगायला लागलं की लोक क्लासची चौकशी करतात!

"बाबा, या रविवारी इराने स्वतःच्या मनाने एक पान लिहिलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून फाउंडेशनचा क्लास. जागा धरून ठेवलीय मी."

इराचा चेहरा पडला. एसटीत चढलेल्या एका बकरीची गोष्ट आठवडाभर तिच्या डोक्यात घोळत होती. बकरी खिडकीजवळ बसली होती, कंडक्टर तिकीट मागत होता, आणि पुढचं कागदावर उतरायचं होतं.

रविवारी सगळ्यात आधी आले शेषेराव, मूळचे लोह्याचे. एका हातात मुलगा वरद, दुसऱ्या हातात नारळ, काखेत गुंडाळलेला फ्लेक्स.

"हे काय?" सर दचकले.

"उद्घाटन, सर!"

"अहो, आपल्याला फक्त गप्प बसायचंय."

"बसू की! पण उद्घाटन केल्याबिगर गप्प बसलो तर लोक काय म्हणतील? प्रमुख पाहुणे म्हणून मुखेडहून बसवराज आप्पा येऊन राहिले. पाहुणे गेले की लगेच गप्प!"

फ्लेक्स टांगला. त्यावर शेषेराव दाराएवढे, सर खिडकीएवढे आणि मुलं पोस्टाच्या तिकिटाएवढी! तेवढ्यात शिवकांताबाई आपल्या दोन लेकींना घेऊन आल्या. फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला.

"आमच्या घराचं नाव कुठाय?"

"ते... छापणाऱ्यानं खाल्लं बघा, ताई."

"मग त्यालाच लिहायला बसवा. चला गं पोरींनो!"

"ताई, थांबा! सर, मार्कर आहे का? लई जाड पाहिजे!"

फ्लेक्स उतरवला, आतल्या खोलीत फरशीवर पसरला. शेषेरावांनी मार्करचं टोपण काढलं, तोच बाहेरून हाक आली, "आप्पा आले!" सगळे दाराकडे धावले. फ्लेक्स तिथेच, मार्कर तिथेच.

नारळ फुटला. आप्पांचा सत्कार झाला. आप्पा म्हणाले, "मी एकलाच कसा? सरांचा करा." सरांचा झाला म्हणून शेषेरावांचा. शेषेरावांचा झाला आणि शिवकांताबाईंचा नाही, असं कसं चालेल? त्या आधीच फ्लेक्सवर नव्हत्या! शाल एकच होती. ती या खांद्यावरून त्या खांद्यावर अशी फिरत राहिली, जशी गल्लीत एकच शिडी फिरते.

मग चिवडा आला. बशा कमी पडल्या. शिवकांताबाईंची नजर सतरंजीवर गेली. "अय्या, हे कागद कोरेच पडलेत की!" आणि प्रत्येक कागदावर चिवड्याचा एकेक ढीग बसला.

"आजोबा, माझा कागद..." इरा कुजबुजली.

"थांब बाळा, पाहुण्यांचं होऊ दे."

पाहुण्यांचं झालं, पण पाहुणे म्हणाले, "आता सरांनी दोन शब्द बोलावेत." सर नको नको म्हणत उठले. विषय होता, मुलं लिहिताना मोठ्यांनी गप्प का बसावं. सर असे रंगले की चहा आला, प्यायला गेला, कप धुऊन झाले, तरी दोन शब्दांतला पहिलाच चालू होता! मुलं कधी उठून गेली ते कुणालाच कळलं नाही.

टाळ्या थांबल्यावर आरती म्हणाली, "बाबा, तास कधीच संपला. इराचं पान?"

सरांनी कागदाकडे पाहिलं. त्यावर तेलाचा डाग होता आणि एक शेंगदाणा. सरांना तो शेंगदाणा आपल्याकडे बघून हसतोय असं वाटलं.

मान खाली घालून ते आत गेले. मागून सगळी वरात.

आत चौघं मुलं फरशीवर पालथी पडली होती. फ्लेक्स उलटा केलेला. शेषेराव जमिनीकडे तोंड करून निपचित, आणि वर पांढऱ्याशुभ्र पाठीवर इराचं मोठं, वाकडंतिकडं अक्षर. वरद आणि दोघी बहिणी तिला पुढचं सुचवत होते. आरतीने वाकून वाचलं, 'कंडक्टर म्हणाला, तिकीट काढ. बकरी म्हणाली, आधी माझा सत्कार कर.'

आरतीने पदर तोंडाला लावला. हसण्याने खांदे गदागदा हलत होते.

"मग... क्लास?" सरांनी भीत भीत विचारलं.

"राहू द्या. बकरी कुठे उतरते ते तरी कळू दे!"

"लई भारी!" शेषेराव ओरडले. "शाल आणा! पोरीचा सत्कार करू!"

"आणि त्या निमित्ताने मी फक्त दोन शब्द..." सर घसा खाकरत पुढे झाले.

इराने शाल घेतली. आजोबांना वाकून नमस्कार केला. मार्कर दातांत धरला. चौघांनी मिळून फ्लेक्स गुंडाळला, न्हाणीघरात नेला आणि आतून कडी घातली. मग दाराखालच्या फटीत तीच शाल नीट खुपसून बसवली. मोठ्या माणसांचा आवाज आत येऊ नये म्हणून.