मासवडीनंतरचा कार्यक्रम

सयाजीच्या कृषी पर्यटन केंद्रात कोरोनानंतरचे पहिले चाळीस पर्यटक उतरले, तेव्हा राजुरीत जत्रेचा उत्साह होता. दोन वर्षं केंद्राला कुलूप होतं. आज मंडळी खूश झाली तर पुण्याच्या सहल कंपनीच्या वृषाली मॅडम दर रविवारी बस पाठवणार होत्या. नाहीतर पुन्हा कुलूप.

"एका पर्यटकामागं धा जणांना काम मिळतं. देशाचा गाडा त्याच्यावर चालतो!" हे सयाजी सरकारी शिबिरात ऐकून आला होता. त्याने चांगले पंधरा जण जमवले. बैलगाडीला गेणभाऊ, लेझीमला तालमीतली पोरं आणि स्वयंपाकाला खुद्द त्याची बायको, ठकूबाई.

घोळ इथेच झाला. शिबिराला सयाजी गेला होता, ठकूबाई नव्हती. तिच्या लेखी दारात आला तो पाहुणा, आणि पाहुणा 'पुरे' म्हणाला की खरं वाढायला सुरुवात करायची.

"मावशी, बास!"

"कशाचं बास? येवढी मासवडी तर आमची पोरं खेळता खेळता खात्यात! रस्सा घ्या अजून."

चौथ्या भाकरीला पुणेकरांनी विरोध सोडला. दीड वाजता पहिला पर्यटक आंब्याखाली आडवा झाला. दोन वाजता चाळीसच्या चाळीस घोरत होते.

"सयाजीराव, गाडी जुपली!" गेणभाऊ ओरडत आला.

"हळू बोल! आधी बैलांच्या घुंगरमाळा काढ."

लेझीमवाल्यांना लांब बांधावर बसवलं. चार वाजले. उठवावं तर पाहुण्यांचा अपमान, न उठवावं तर केंद्राचं वाटोळं! सयाजी चपला हातात घेऊन येरझाऱ्या घालू लागला.

"आगं, जेवायला घातलंस का भूल दिलीस?"

"काहीतरीच! संध्याकाळचं वाढायचं ऱ्हायलंय अजून."

साडेपाचला मंडळींना न्यायला मॅडम बस घेऊन आल्या आणि हॉर्नने सगळे खडबडून उठले. सयाजीने हातच जोडले. "मॅडम, कायबी दाखवायचं झालं न्हाई. लई चूक झाली."

तेवढ्यात एक टकलू साहेब डोळे चोळत पुढे आले. "चूक कसली? घरून काम सुरू झाल्यापासून लॅपटॉप उशाशी. अशी झोप लागलीच नव्हती हो! पुढच्या रविवारी आमचं अख्खं ऑफिस आणतो."

सयाजीने आनंदाने बैलालाच मिठी मारली.

"पंधराही जणांना काम पक्कं," मॅडम म्हणाल्या, "पण कार्यक्रम हाच. दुपारभर कुणी तोंड उघडायचं नाही."

"गप बसायचा पगार?" गेणभाऊ हरखला. "राव, घरी ह्येच काम मी तीस वर्सं फुकट करतोय!"