भारीतले पॅनेल

एर्गाशने छपरावर भारीतले सौर पॅनेल बसवले, कारण त्याच्या साडूने साधे बसवले होते. वीज वगैरे कारणे त्याला नंतर सुचली.

रिश्तान गावातल्या त्या गल्लीत दोघांची घरे समोरासमोर होती आणि दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साडू तोलिबचा नान भाजायचा तंदूर होता. एर्गाश लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. दर हिवाळ्यात गल्लीतली वीज जायची आणि सगळे सारखेच कुडकुडायचे, तोवर दोघांचे बरे चालले होते. मग त्या शरद ऋतूत तोलिबने पॅनेल आणले, आणि चहाची पियाली हातात घेतली की तो विजेवर बोलू लागला. एर्गाशने दोन आठवडे ऐकून घेतले. मग फर्गानाला जाऊन तो जवळजवळ दुप्पट किमतीचे पॅनेल ठरवून आला.

"दुप्पट?" त्याची बायको झुलखुमोर म्हणाली. "पोरीचं, नोदिराचं लग्न करायचंय, आणि दुप्पट?"

"अगं, पंचवीस वर्षांची हमी आहे त्यांची."

"पंचवीस वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

"मी नसेन. पॅनेल असतील. तोलिबचे तेही नसतील."

पॅनेल बसवायला दावरोन आला. त्याने शिडी लावली, वर जाऊन चारी बाजूंना पाहिले आणि खाली आला.

"एर्गाश अका, मागच्या उतारावर लावू. दक्षिण तिकडे आहे. ही गल्लीकडची बाजू उत्तरेची."

"मागे कोण बघणार? मागे आमची गाय असते."

"सूर्य बघेल की."

"हे बघ, दुकानदार म्हणालाय, हे ढगाळ दिवशीसुद्धा वीज करतात. उत्तर काय ढगापेक्षा वाईट आहे? आणि तोलिबने गल्लीकडेच लावलेत ना?"

तोलिबच्या घराची गल्लीकडची बाजू दक्षिणेची होती, हे दावरोनने सांगून पाहिले. एर्गाश म्हणाला, "गल्ली एकच आहे, तिच्या दोन बाजू कशाला करतोस?" दावरोनला दुपारी आणखी एक घर करायचे होते. त्याने पॅनेल गल्लीकडे लावले.

पॅनेल दिसायला देखणे होते, काळेभोर, मधे एक रेघ नाही. येणारेजाणारे मान वर करून बघत. तोलिबनेही पाहिले. "छान आहेत," तो म्हणाला. "काळे आहेत."

आठवडाभरात एर्गाशला तोलिबच्या मोबाइलवरचा विजेचा आकडा दिसला. एर्गाशच्या आकड्यापेक्षा तो बराच मोठा होता. एर्गाशने आपला मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. आकडा तोच राहिला. मग त्याला वाटले, धूळ बसत असणार. भारी वस्तूला धूळ सोसत नाही. तो रोज सकाळी नळी घेऊन छपरावर चढू लागला आणि पॅनेल धुऊ लागला. ते पाणी गल्लीत पडे. एका सकाळी ते तोलिबच्या सायकलवर पडले, आणि सायकलवर गिऱ्हाइकांकडे निघालेली ताज्या नानची टोपली होती.

"अरे ए साडू!" तोलिब खालून ओरडला. "तुझे पॅनेल वीज देत नाहीत, पण पाणी मात्र झकास देतात!"

एर्गाशने टोपलीभर नान विकत घेतले. घरात तीन दिवस भिजका नान खाल्ला गेला, आणि उरलेला गाईने. पण धुण्याने आकडा काही वाढला नाही.

"दावरोन काय म्हणाला होता, ते आठवतंय का?" झुलखुमोरने विचारले.

"भारी मालाला रुळायला वेळ लागतो. नवी गाडी नाही का, आधी हळू चालवावी लागते," एर्गाश म्हणाला.

माल रुळायच्या आतच फेब्रुवारी आला, आणि नोदिराला मागणी घालायला कोकंदहून करोमत ओपा आल्या. करोमत ओपा म्हणजे मुलाची आई, शाळेत मुख्याध्यापिका. खोलीत शिरल्या की लोक आपोआप सरळ बसत. मेहमानखान्यात जेवणाचा दस्तरखान पसरला होता, मनुका-बदाम मांडले होते, पुलाव मुरत होता आणि विजेचा हीटर खोली उबदार ठेवत होता. एर्गाशने पाहुण्यांना मुद्दाम गल्लीत उभे करून छप्पर दाखवले होते.

"आमच्याकडे लाईट जात नाही," तो चहा ओतत म्हणाला. "अख्खी गल्ली अंधारात असली तरी आम्ही—"

तेवढ्यात गल्लीची वीज गेली. इन्व्हर्टरने थोडा वेळ धीर धरला, मग दोनदा कण्हून तोही गेला. हीटरची लाल तार हळूहळू काळी पडताना सगळ्यांनी पाहिली. थोड्या वेळाने करोमत ओपांनी आपला कोट मागवला. मग सोबतच्या दोन बायकांनीही मागवला. नोदिरा चहा घेऊन आली तेव्हा पाहुण्या टोप्या घालून बसल्या होत्या, आणि तिला वाटले, निघाल्याच. तिचे डोळे भरून आले.

ते झुलखुमोरने पाहिले. ती अंगणात गेली आणि गल्लीपलीकडे हाक मारली. पाच मिनिटांत तोलिब वायरचे भेंडोळे खांद्यावर घेऊन हजर झाला. त्याने वायर खिडकीतून आत घेतली, हीटर जोडला, पाहुण्यांना सलाम केला आणि पुलावाच्या वासाने तिथेच बसला.

"हा करंट कुणाचा?" करोमत ओपांनी विचारले.

"माझा," तोलिब म्हणाला. "साधाच आहे. गोड मानून घ्या."

पाहुण्या जेवल्या, हसल्या, पण शब्द न देताच गेल्या. त्या संध्याकाळी झुलखुमोर नवऱ्यासमोर येऊन बसली.

"उद्या पॅनेल मागे लावून घ्या. नाहीतर मी नोदिराला घेऊन बहिणीकडे राहायला जाते. तिच्याकडे ऊब आहे."

दावरोन पुन्हा आला. त्याने पॅनेल काढले आणि मागच्या उतारावर गाईच्या बाजूला लावले. पहिल्याच उन्हाला एर्गाशच्या मोबाइलवर असा आकडा आला की त्याने चष्मा पुसला. तोलिबचा आकडा मागे पडला होता. भारी माल खरोखरच भारी होता.

फक्त तो आता कुणाला दिसत नव्हता. गल्लीतून दिसे ते रिकामे छप्पर आणि खिळ्यांची भोके. दोन दिवसांत बातमी झाली की एर्गाशचे हप्ते थकले आणि दुकानदार पॅनेल उचलून घेऊन गेला. लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागले. एका शेजारणीने बटाट्यांची पिशवी आणून दिली. दिशा चुकली होती, हे सांगायला एर्गाशची जीभ रेटेना. तो भेटेल त्याला सांगे, "अहो, भारी पॅनेल मागेच लावायचे असतात. पुढे नीट चालत नाहीत. साधे लावतात पुढे."

बातमी कोकंदला पोचायला वेळ लागला नाही. एका दुपारी करोमत ओपा न कळवता दारात उभ्या राहिल्या. त्या दिवशीही गल्लीची वीज गेलेली होती. त्यांनी रिकाम्या छपराकडे पाहिले, कोटाची बटणे लावली आणि आत आल्या. आत हीटर धगधगत होता. विजेच्या शेगडीवर झुलखुमोर मुरंबा ढवळत होती, आणि नोदिरा इस्त्री करत होती. करोमत ओपांनी आधी कोट काढला, मग शाल, मग स्वेटर.

"लोक म्हणाले, तुमचे पॅनेल गेले."

"मागे आहेत," झुलखुमोर म्हणाली. "गाईजवळ."

करोमत ओपा स्वतः मागे जाऊन बघून आल्या. "मिरवत नाहीत, म्हणजे खानदानी माणसं दिसतात," त्या म्हणाल्या आणि तिथल्या तिथे रीतीप्रमाणे नान मोडून सोयरीक पक्की केली. एर्गाश गाडीची शिकवणी आटोपून घरी परतला तेव्हा लेकीचे लग्न ठरलेले होते.

हे सगळे तोलिब समोरून बघत होता. महिन्याभराने त्याच्या दारात एक गाडी थांबली आणि तिच्यातून काळेभोर पॅनेल उतरले. पाठोपाठ शिडी घेऊन दावरोन आला. जुने पॅनेल निघाले, आणि शिडी घराच्या मागे गेली.

"अहो, जाऊन सांगा त्यांना," झुलखुमोर म्हणाली. "त्यांची मागची बाजू उत्तरेची आहे."

"मग मी आजवर लोकांना काय सांगत होतो, ते कळेल."

"त्या दिवशी वायर कुणी आणली होती?"

एर्गाशने टोपी घातली. तो गल्ली ओलांडून तोलिबच्या घरामागे गेला आणि वर बघून म्हणाला, "साडू, मागे लावू नकोस. पुढे लाव. मी सगळ्यांना थापा मारल्या रे. ते पुढचं-मागचं काही नसतं, दक्षिण बघायची असते. मी गाढव होतो."

तोलिब शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरला.

"स्वतःचे मागे लावून लेकीचं लग्न जमवलंस," तो म्हणाला, "आणि मी पुढे लावू? वा रे साडू! माझे तुझ्या बरोबरीचे झाले तर पोटात दुखतं होय?"

"खरं सांगतोय. दावरोनला विचार!"

दावरोनने एकदा एर्गाशकडे पाहिले, एकदा तोलिबकडे. मग तो मान खाली घालून बोल्ट आवळू लागला.

एर्गाश घरी आला.

"सांगितलंत?" झुलखुमोरने विचारले.

"सांगितलं. सगळं खरं खरं सांगितलं."

"मग?"

"म्हणतो, जळतोस," एर्गाश म्हणाला आणि चहा ओतून घेतला.