मर्व्हचा मोवर आणि "या, ना"

गवत कापायच्या गाडीची रेसिंग कार करणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. त्याला मेकॅनिकल इंजिनिअर लागतो, आणि तोही पुण्याचा! डिग्री माझ्याकडे आहे. फ्रेम करून हॉलमध्ये लावलेली आहे आणि दर दिवाळीला तिच्यावरची धूळ मी स्वतः पुसतो. इथे परदेशात, हेन्डरसनला, आल्यापासून सहा वर्षं मी एका कंपनीत दुसऱ्यांची सॉफ्टवेअर तपासतो, ही गोष्ट वेगळी. पाना कसा धरायचा ते विसरलो असेन, पण विद्या कुठे जाते?

हे सगळं मी माझ्या बायकोला, सुरुचीला, सुनावत होतो. निमित्त होतं आमच्या आठ वर्षांच्या ईशाच्या निबंधाचं. "माय मम इज अ नर्स. शी सेव्हज पीपल." मग अर्धं पान नुसती आईच आई! आणि तळाला एक ओळ : "माय डॅड सिट्स."

"सिट्स म्हणजे काय, सिट्स?" मी ओरडलो.

"बट यू डू, बाबा," ईशा म्हणाली. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते.

सुरुचीनं हसता हसता पोळी करपवली. मला मात्र ते लागलं. चांगलंच लागलं. पोटच्या पोरीच्या वहीत आपण एका क्रियापदात संपावं, आणि ते क्रियापद कोणतं, तर बसणं!

नेमकी त्याच आठवड्यात शाळेच्या जत्रेची चिठ्ठी आली. पालक आणि शिक्षकांसाठी लॉनमोवरची शर्यत! अट एकच, पाती काढलेली हवीत. मी जाहीर केलं, "ईशा, तुझा बाबा रेसिंग कार बनवणार. आणि जिंकणार!"

"रिअली?" तिचे डोळे चमकले. मी लोणच्याची घट्ट बरणी उघडली होती, त्यानंतर प्रथमच!

आता आमचा मोवर ढकलायचा. बसायचा मोवर होता शेजारच्या मर्व्हकडे. मर्व्ह म्हणजे सत्तरीचा गडी. बाराही महिने शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि बोलणं औषधाच्या थेंबांसारखं मोजून. त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तो मोवर कित्येक वर्षं झाकलेलाच दिसे. मर्व्ह दोन आठवडे मुलीकडे जॉन्सनव्हिलला निघाला होता आणि टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला शेडची किल्ली त्यानं माझ्याकडेच दिली होती. योग म्हणतात तो हाच!

मी कुंपणावरून विचारलं, "मर्व्ह, तुझा तो जुना मोवर मी शाळेच्या रेससाठी घेऊ का? जरा सुधारूनही देतो!"

मर्व्हनं आभाळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे, आणि म्हणाला, "या... ना, मेट."

आता तुम्हीच सांगा, मराठी माणसानं याचा अर्थ काय घ्यायचा? "या" म्हणजे यस, म्हणजे हो. पुढे "ना". हो ना! यापेक्षा मनापासूनचा होकार आपल्या भाषेत आहे का? आणि नुसतं कानानं ऐकलंत तर चक्क "या ना!" तेही आदरार्थी! माझ्या ऑफिसात आजूबाजूला सगळे पुण्याचे आणि हैदराबादचे. इथल्या बोलण्याशी माझा संबंध दुकानात दूध घेण्यापुरता.

"थँक यू, मर्व्ह!" मी म्हणालो.

"नो वरीज," मर्व्ह म्हणाला. त्याला इतकं हायसं वाटलेलं दिसलं, की मला वाटलं बिचाऱ्याची अडगळच गेली.

शनिवारी सकाळी ताडपत्री काढली. आत लालभडक, लखलखीत मोवर! "याला म्हणतात जुना माल! चाळीस वर्षांनीही रंग बघ!" मी म्हणालो.

सुरुचीनं पत्र्यावरून बोट फिरवलं. "अरे, हा कुणीतरी नव्यानं केल्यासारखा वाटतोय. मर्व्हला फोन करून विचार ना एकदा."

"विचारलंय! हो ना म्हणाला!"

मग काय, दोन शनिवार-रविवार मी पेटलो होतो. पाती काढली. पुढचं झाकण, दिवे, गादीची सीट, सगळं वजन कमी करायला उतरवलं. चाकांवरचे पत्रे करवतीनं कापले. सीटच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची ठोकली. गणपतीच्या मखराचा भगवा रंग उरला होता, तो वरून खालपर्यंत फासला आणि दोन्ही बाजूंना लिहिलं, "ईशा एक्स्प्रेस". शेवटी इंजिनावर मोठी पुली आणि नवा पट्टा घट्ट बसवला. वेग तिप्पट! पेडल दाबलं की पट्टा सैल होतो आणि गाडी थांबते, अशी मूळ रचना होती. एवढा घट्ट पट्टा सैल होईल का, हा प्रश्न सुरुचीला पडला, इंजिनिअरला नाही.

"ब्रेक तपासलास का?" हार घालून, नारळ फोडून झाल्यावर तिनं विचारलं.

"अगं, रेस पुढे जायची असते, थांबायची नाही!"

सहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका तपासून पोट भरणाऱ्या माणसाचं हे उत्तर!

जत्रेच्या दिवशी मैदानाभोवती गवताचे भारे रचले होते. पाच मोवर, तीन फेऱ्या. शिट्टी झाली आणि मी सुटलो! बाकीचे चालत होते, मी उडत होतो. हेडमास्तरांना मागे टाकलं. रग्बीचा कोच मागे पडला. झेंडूच्या पाकळ्या माझ्या मागं उडत होत्या. ईशा एका भाऱ्यावर चढून बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "गो, बाबा! दॅट्स माय डॅड!" खरं सांगतो, त्या क्षणी माझे डोळे भरून आले. आयुष्यात त्या डिग्रीनं मला एवढं सुख कधी दिलं नव्हतं.

तिसरी फेरी. समोर शेवटची रेघ, आणि रेघेवर झेंडा धरून पंच उभा. शॉर्ट्स. जँडल्स. मर्व्ह!

हे मागून कळलं, की दर वर्षी शर्यतीचा पंच तोच असतो आणि खास त्यासाठी तो जॉन्सनव्हिलहून परतला होता. मी त्याला आनंदानं हात केला. त्यानं केला नाही. तो भगव्या मोवरकडे बघत होता आणि त्याच्या हातातला झेंडा हळूहळू खाली येत होता.

मी पेडल दाबलं. काही नाही! दोन्ही पायांनी दाबलं. काही नाही!

"मर्व्ह, बाजूला हो! अहो, सरका!" घाबरल्यावर माणूस मराठीत ओरडतो. मर्व्ह शेवटच्या क्षणी सरकला. एक जँडल मात्र रेघेवरच राहिली. मी तिच्यावरून, मग दोन भाऱ्यांमधून, मग सॉसेजच्या टेबलातून, अंगावर परतलेला कांदा घेऊन थेट लांब उडीच्या वाळूत! मोवर तिथे रुतून बंद पडला. मी खुर्चीसकट पुढे गेलो. उडी मोजायला कोणीतरी टेपही लावला म्हणे.

मर्व्ह एका जँडलनिशी चालत आला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता वाकला आणि कापलेल्या पत्र्यावरून त्यानं हात फिरवला.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "एकेक स्क्रू मूळचा शोधून आणला होता. पुढच्या महिन्यात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन आहे."

"पण मर्व्ह, मी तुला विचारलं होतं!"

"आणि मी म्हणालो, या, ना."

"तेच तर! या, ना! हो ना!"

मर्व्हला काहीच कळेना. शेवटी ईशा पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाबा, या ना मीन्स नो."

"मग सरळ नो का नाही म्हणत?"

"बिकॉज दॅट्स रूड!"

म्हणजे हा भला माणूस माझं मन दुखावू नये म्हणून गोड नाही म्हणाला होता, आणि मी त्याचं घर लुटलं होतं! मी वाळूतच बसून त्याची माफी मागितली. मनापासून मागितली, लाज वाटत होती. मर्व्ह म्हणाला, "शनिवारी आठ वाजता ये. सँडपेपर आण."

तेव्हापासून दर शनिवारी मी मर्व्हच्या शेडमध्ये भगवा रंग खरवडतो. पान्याला हात लावायची मला परवानगी नाही. मर्व्ह उभा राहून पत्रे जोडतो, आणि मला त्यानं एक बादली उपडी घालून दिली आहे. तिच्यावर मी बसतो. निबंधात दुरुस्ती करायची गरज ईशाला पडलेली नाही.

परवा ती कुंपणाशी उभी राहून बघत होती. मी कपाळावरचा घाम पुसला, छाती जरा पुढे काढली आणि विचारलं, "काय ग, दिसतो की नाही तुझा बाबा इंजिनिअर?"

तिनं आभाळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे, आणि म्हणाली, "या... ना, बाबा."

आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुरुची ओरडली, "हो ना!"