नानांच्या दर्यातलं फुकटं शेवाळ

आमच्या भिकूनानांच्या तोंडात दात सात आणि फळीवर दात घासायचे ब्रश अकरा. मऊ, कडक, मान वाकवलेला, केस कातरलेला. त्यातला एकही ते स्वतःच्या तोंडात घालत नाहीत, तिथं मिश्री चालते. ब्रश आहेत ते दर्यासाठी.

दर्या म्हणजे नानांच्या पुढच्या खोलीतली चार फुटी काचेची पेटी. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यात, खाऱ्या पाण्याचा दर्या! एसटीची ड्रायव्हरकी संपल्यावर नाना पालीजवळच्या एका बंगल्याची राखण करायचे. बंगला विकताना पुण्याचे मालक म्हणाले, "ही पेटी हवी तर न्या." टेम्पोतून ती आणताना नानांनी टेम्पोवाल्याला दुसरा गियर टाकू दिला नाही. आत दोन नारिंगी मासे. मोठी ती पाटलीणबाई आणि तिच्या मागं मागं करतो तो पाटील. शिवाय दगडावर जांभळी बोटं फुटावीत तसं डुलणारं प्रवाळ. मी शेजारच्या खोलीत राहणारा मास्तर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो, "झाड छान आहे." नाना तडकलेच.

"गुरुजी, साळंत शिकवता न्हवं? जनावर हाय ते. जित्तं!"

पुण्याच्या दुकानातून मागवलेलं खास मीठ बादलीत विरघळवून नाना बोट बुडवत, जिभेला लावत आणि डोळे मिटून निकाल देत, "गाडी लायनीवर हाय!" खारेपणा मोजायचं यंत्रही त्यांच्याकडं आहे, पण ते जिभेच्या पडताळ्यापुरतं.

तर एका थंडीत दगडांवर हिरवं शेवाळ आलं. केसांसारखं, बोटभर लांब. बघता बघता ते प्रवाळाच्या बुडाशी पोचलं आणि जांभळी बोटं मिटायला लागली. दुकानदार फोनवर म्हणाला, "शेवाळानं झाकून टाकलं तर प्रवाळ मरणार." दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. नानांच्या अंगात वारं भरलं.

"इनातिकिटाचा पाशिंजर हाय ह्यो! उतरिवतोच!"

मग भातातलं तण उपटावं तसं शेवाळ बेणणं सुरू झालं. एकेक दगड मिठाच्या पाण्यात काढून ब्रशनं घासायचा. मीही ओढला गेलो. शाळा सुटली की पिशवी खुंटीला आणि हात बादलीत. दगड लख्ख झाले, नाना नाचायचे तेवढे बाकी राहिले. आठ दिवसांत शेवाळ पुन्हा हजर. मग पेटीवरच्या दिव्याचे तास कमी केले. शेवाळ जरा दबलं आणि दिवा पूर्ववत होताच दुप्पट झालं.

मग आल्या गोगलगायी. शेवाळ खाणाऱ्या, समुद्रातल्या, पुण्याहून एसटीनं. नाना तासभर आधीच स्टँडवर उभे. गाडी आली तशी त्यांच्या ओळखीच्या ड्रायव्हरनं डबा खिडकीतून दिला.

"नाना, सूनबिन आनली का काय?"

"सूनच हाय! घर झाडून काढनारी!"

आणि सुनांनी खरंच झाडून काढलं. मी तर वर्गात पोरांना गणित सोडून गोगलगायी शिकवल्या. पण महिन्याभरात त्यांना आवरेना इतकं शेवाळ वाढलं. आता प्रवाळाची तीनच बोटं उघडी होती. नानांनी पुन्हा दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर, मी शेजारी.

"नाना, माशांना खायला किती वेळा घालता?"

"लई न्हाई. म्या खातो तवाच. च्या, न्याहारी, दुपारचं, परत च्या, रातचं."

पलीकडून दुकानदार ओरडलाच, "अहो, पाच वेळा? उरलेलं कुजतं, त्याच्यावरच शेवाळ पोसलंय! दिवसातून एकदा, एक चिमूट. बास!"

नाना ओशाळले. "दारात कुत्रं आलं तरी आदी त्याला तुकडा टाकून मग आपुन खातो आमी. हे तर घरातलं." पण प्रवाळ मरू द्यायचं नव्हतं. त्या दिवसापासून चिमूट एकच.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी भिंतीवर धाडधाड बुक्के. "गुरुजी, पळा!" मी अर्धी दाढी तशीच ठेवून पळालो. दगड स्वच्छ, काच स्वच्छ आणि प्रवाळाची बोटं झाडून सगळी उघडलेली, डुलणारी. एक नवं बोटसुद्धा फुटलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं! "गाडी लायनीवर हाय!" नाना ओरडले, मीही ओरडलो आणि आनंदाच्या भरात त्यांना मिठी मारली. हाताला नुसत्या बरगड्या लागल्या.

"नाना, जेवता ना तुम्ही?"

"जेवतो की. येक टायम."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"दुकानदारानं न्हाई का सांगितलं? तुमच्या म्होरंच की."

"ते माशांना होतं, नाना!"

नानांनी पेटीतल्या माशांकडं बोट केलं. "म्या ताटावर बसलो की दोगं काचंला येऊन थांबत्यात. त्यास्नी द्यायचं न्हाई आन् आपुन गिळायचं? माजी मंडळी गेल्यापासनं एकट्याच्या घशाखाली घास उतरंना, गुरुजी. ह्यांच्यासंगं उतरायचा."

मला फार लाज वाटली. माझं कुटुंब भोरला, मीही रोज भिंतीच्या अलीकडं एकटाच मोबाईल बघत जेवत होतो, आणि पलीकडचा माणूस निम्मा उपाशी आहे हे मला दोन महिने कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी पिठलं आणि चार भाकरी घेऊन मी नानांकडं गेलो आणि त्यांच्यासमोर बसलो. दोघं मासे काचेशी आलेच. नाना उठले, खांद्यावरचा पंचा काढून पेटीच्या पुढच्या काचेवर सोडला, "जरा तिकडं बगा," असं पाटलीणबाईला सांगितलं आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा जेवायला बसले.