अंगणभर सतरंजी

"सतरंजी नीट पसरली का हो?" कुमुदिनीबाईंनी पुण्याहून फोनवर विचारलं.

"पसरली म्हणजे काय! सगळं अंगण व्यापलंय. आता कुंपणाकडे सरकतेय," श्रीपादराव म्हणाले.

"सरकतेय? मग कडेला दगड ठेवा."

"ठेवलेत कधीच."

"रंग कुठला?"

"गुलाबी. मधूनमधून पांढरे ठिपके."

"अगंबाई, नक्षीची घेतलीत! ऊन दाखवताय ना? नाहीतर कुबट वास मारते."

"दिवसभर उन्हातच असते. वास मात्र अजिबात नाही बघ तिला. एक दिवसाआड पाणी मारलं की झालं, दुसरी कटकट नाही."

एक दिवसाआड सतरंजी धुणं कुमुदिनीबाईंना जरा अति वाटलं. पण नवऱ्याची सगळी नोकरी अंबरनाथच्या रसायनांच्या कारखान्यात माल तपासण्यात गेलेली. अशा माणसाला स्वच्छतेचा सोस असायचाच, असं म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही. आणि इथेच घोटाळ्याने मूळ धरलं.

झालं होतं असं. श्रावणात कुमुदिनीबाई लेकीच्या, ऋताच्या, बाळंतपणाला पुण्याला गेल्या. बाळंतपण झालं, बारसं झालं, मग उष्टावण करूनच निघावं असं ठरलं. इकडे बदलापूरच्या घरी एकटे राहिलेले श्रीपादराव एक दिवस वांगणीच्या रोपवाटिकेत सहज डोकावले. तिथल्या जनूने त्यांच्यापुढे एक बुटकं रोप ठेवलं.

"काका, यो सतरंजी गुलाब. वर नाय चढत, आडवा पसरतो. छाटाचा नाय, फवाराचा नाय. लावा आन् इसरा."

गुलाब म्हणजे मान ताठ करून उभा राहणारा, एवढंच श्रीपादरावांना ठाऊक. लोळणारा गुलाब त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी रोपं आणली, अंगणात लावली. पण 'विसरा' हा भाग काही त्यांना जमला नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते मोडा टाकून बसत. फांदी कालपेक्षा किती पुढे गेली, जमिनीला टेकली तिथे मूळ फुटलं का, खाली तण का उगवत नाही, असल्या चौकशीत दुपार होई. माघ उजाडेपर्यंत तुळशीवृंदावनाभोवतीची थोडी जागा आणि फाटकापासूनची फरशीची वाट सोडली तर अंगणात माती दिसेनाशी झाली. फोनवर मात्र ते प्रेमाने नुसतंच 'सतरंजी' म्हणत.

आता कुमुदिनीबाईंचं ऐका. मोरिवलीच्या हेमचंद्रबुवांचं कीर्तन एकदा तरी आपल्या दारी व्हावं, ही त्यांची फार जुनी इच्छा. बुवा बिदागीला अडून बसणारे नव्हते, पण त्यांची एक अट होती: श्रोता जमिनीवर बसला पाहिजे. "खुर्चीवर बसतो तो सभेला आलेला असतो, कीर्तनाला नव्हे," असं ते म्हणत. घरातली खोली लहान आणि अंगणाएवढी सतरंजी कुठून आणायची, म्हणून दरवर्षी बेत राहून जाई. नवऱ्याने न सांगता सतरंजी आणलेली ऐकून बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी पुण्याहूनच बुवांना माघातल्या एकादशीचं आमंत्रण दिलं आणि भजनी मंडळाच्या बायकांना कळवून टाकलं, "सहकुटुंब या गं, सतरंजी घरची आहे!"

श्रीपादरावांना वाटलं, कीर्तन खोलीत होईल. फुलं बघून लोक खूश होतील, एवढाच त्यांचा हिशोब.

एकादशीच्या सकाळी कुमुदिनीबाई रिक्षातून उतरल्या, फाटक उघडलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"अहो, सतरंजी कुठाय?"

"ही काय!" श्रीपादरावांनी दोन्ही हात पसरले. "बघ तरी कशी दाट बसलीय."

बाईंनी एक पाऊल पुढे टाकलं. पदर अडकला. तो सोडवायला वाकल्या, तर बांगडी अडकली.

"अहो, ही झाडं आहेत!"

"मग? सतरंजी गुलाब."

"गुलाब हा शब्द सहा महिन्यांत एकदा तरी काढलात का तोंडातून?"

श्रीपादरावांनी आठवून पाहिलं. काढला नव्हता.

मग धावपळ सुरू झाली. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या सनी मंडपवाल्याला फोन लावला. "काकी, सतरंजी एकपण नाही, सगळी लग्नात गेली. खुर्च्या देऊ ना? सोफा पण आहे, एकदम व्हीआयपी!"

"अरे, बुवांना खाली बसलेला श्रोता लागतो."

"तो फिर बुवा को ही सोफे पे बिठा दो ना, काकी!"

फोन आपटून बाईंनी माळ्यावरची ताडपत्री काढली आणि गुलाबांवर टाकली. भजनी मंडळातल्या बनूबाई लवकर आल्या होत्या. गाणं लागलं की गल्ली हलवणाऱ्या बाई. "मी बगतंय बसून," म्हणत त्या धीराने टेकल्या आणि दुप्पट वेगाने उठल्या. "आई गो! काटं हान सगलं! कुमुदबाय, हितं बसला तो सरल वैकुंठाला!"

"कापून टाका," ताडपत्री ओढून काढत कुमुदिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

श्रीपादरावांचा चेहरा उतरला. खिशातली छाटणीची कात्री नुसती चाचपत राहिले. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फुलांकडे.

"राहू देत," त्या हळूच म्हणाल्या. "पण बुवा दारातून परत गेले ना, तर मी आयुष्यात पुन्हा कुणाला कीर्तनाला बोलावणार नाही. सांगून ठेवते."

संध्याकाळी माणसं आली. ओट्यावर बसली, पायऱ्यांवर बसली, फरशीच्या वाटेवर एकामागे एक बसली. उरलेली कुंपणाच्या भिंतीवर चढली. बुवा आले, पगडी सावरून त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"भिंत म्हणजे जमीनच," बुवा म्हणाले, "जरा उभी आहे एवढंच. आम्ही कुठे उभं राहायचं?"

एकच जागा उरली होती, वृंदावनापाशी, ऐन गुलाबात. बुवा धोतर उचलून तिथे गेले. पेटी आणि तबला ओट्यावर राहिले.

पूर्वरंग छान रंगला. बुक्का लागला, हार झाला. उत्तररंगाला बुवांनी हत्तीचं आख्यान लावलं. ज्याचा पाय पाण्यात मगरीने धरला आणि ज्याने देवाचा धावा केला, तो हत्ती. बुवा म्हणजे कीर्तनात अंगणभर नाचणारे. हत्ती पाण्यात उतरला तशी त्यांनी एक गिरकी घेतली, आणि धोतराचा सोगा मागच्या गुलाबात गेला. पुढे यायला गेले तर निऱ्याही अडकल्या. आणखी एक पाऊल, आणि भर एकादशीला धोतर फिटण्याची वेळ.

बुवा थांबले ते थांबलेच.

हात जोडले, डोळे मिटले, आणि जागच्या जागी असा सूर लावला की पेटीवाल्याचा हात थबकला. "सोडव रे देवा! पाय काढवत नाही रे!" आळवणीत इतकी कळकळ मोरिवलीकरांनीही कधी ऐकली नव्हती. बनूबाई पदराने डोळे पुसू लागल्या. "बुवा आज हलत नाय गो! देव उबा हाय त्यांच्याम्होरं!"

सगळ्या अंगणात फक्त श्रीपादरावांची नजर बुवांच्या चेहऱ्यावर नव्हती, गुलाबावर होती. त्यांना सगळं दिसलं. उठून गेलं तर कीर्तन मोडणार. म्हणून ते ओट्यावरून खाली सरकले, पालथे पडले आणि कोपरांवर सरपटत गुलाबात शिरले.

"अगंबाई, लोटांगण!" कुणीतरी म्हणालं. देवापुढे कधी धड हातही न जोडणारा माणूस काट्यांतून लोटांगण घालत चाललाय म्हटल्यावर सगळ्या अंगणाने विठ्ठलनामाचा गजर धरला.

बुवांनी एक डोळा उघडला. "आला रे आला, धावून आला!" ते जीव तोडून गायले, आणि गजराच्या आडून खाली पुटपुटले, "धोतराला कात्री लावाल तर याद राखा."

मग उरला गुलाब. श्रीपादरावांनी एकवार डोळे मिटले आणि कात्री चालवली. एक फांदी कापली, दुसरी कापली. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत फुललेली होती तीही कापली. हत्ती सुटला. बुवांनी अशी गिरकी घेतली की भिंतीवरची माणसं टाळ्या पिटत अंगणात पडता पडता वाचली. फुलांनी लगडलेल्या फांद्या कवेत घेऊन श्रीपादराव उभे राहिले. त्यांचं पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून बुवांच्या पायांशी ठेवल्या. कुमुदिनीबाईंना रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्या चिमटा घेऊन नवऱ्याच्या कोपरातले काटे काढत बसल्या.

"खरं सांगा, काय वाटलं हो तुम्हाला त्या क्षणी?"

श्रीपादरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. तिचा चेहरा पाहिला.

"वाटलं... आपण गेलो नाही, तर सगळंच सुटेल."

"अगदी बुवांसारखं बोललात," बाई म्हणाल्या. "अहो, बुवांचा फोन आला होता. तुमच्या फांद्या त्यांनी कुंड्यांत रुजत घातल्यात. म्हणाले, आता जिथे कीर्तन, तिथे एक कुंडी मागे ठेवायची!"